खरखर

रात्रीचे पावणेबारा. अखाजी, म्हणजे आमच्या खानदेशातली अक्षय्य तृतीया, परवावर आली. ताईला मोठ्या मायच्या जुन्या कॅसेटवरच्या गाण्याची क्लिप हवीये, क्लिप तयार आहे, आणि मी पाठवत नाहीये.

कॅसेटचा काही दोष नाही. ६० मिनिटांची, पाच स्क्रूंची. आतल्या पत्र्याच्या पट्टीवरचा फेल्टचा तुकडा गळून पडला होता, म्हणून आवाज घोंगडीतून यायचा. दोन्ही रिळं दुसऱ्या कॅसेटच्या खोक्यात बसवली. टेपरेकॉर्डरचं हेड, म्हणजे टेप वाचणारा भाग, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं. मग हेडशेजारचा बारका स्क्रू केसभर-केसभर फिरवत, ‘स’ आणि ‘श’ धारदार लागेपर्यंत. गाण्याआधी मोठी माय विचारते, “चालू शे का रे?” तो ‘शे’ या कामाला फार उपयोगी पडला. अहिराणीचा असाही फायदा.

लाइन-इन असलेलं यूएसबी साउंडकार्ड लागतंच. लॅपटॉपचं भोक बहुतेक मायकचं असतं, तिथे आवाज फाटतो. ४४,१०० हर्ट्‌झ, १६ बिट, पातळी उणे ६ डेसिबलच्या खाली. एका बाजूचे सुमारे ३०० एमबी.

इथवर ठीक होतं. मग खरखर काढायला बसले.

ऑडॅसिटीला, म्हणजे आवाज दुरुस्त करायच्या सॉफ्टवेअरला, आधी नुसत्या खरखरीचा नमुना द्यावा लागतो. तिच्या बोलण्याआधीची दोन सेकंदं शांत वाटली, तीच दिली. १२ डेसिबलने कमी कर म्हटलं. खरखर गेली, आणि मोठी मायही थोडी गेली. शब्दांची शेपटं तुटली, आवाज रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा झाला.

कारण कळायला तास गेला. मूळ फाइल हेडफोन लावून, आवाज पूर्ण वाढवून ऐकली. त्या दोन सेकंदांत ती होती. पुसट, पण तीच: चालू शे का रे. गुंडाळलेल्या टेपचे वेढे वर्षानुवर्षं एकमेकांना चिकटून राहतात आणि एका वेढ्याचं चुंबकत्व शेजारच्या वेढ्यावर उमटतं. टेप सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते, म्हणजे एक वेढा दीड ते तीन सेकंदांचा. उमटतं दोन्हीकडे. नंतरचं बोलण्याखाली दबून जातं, आधीचं शांततेत ऐकू येतं.

म्हणजे खरखर म्हणून मी तिलाच दाखवलं. मशीनचं काय, सांगितलं ते केलं.

भावांना शेत, मला कॅसेट. तीही मी अशी... जाऊ दे.

पण दाखवलं तिलाच, हे काही डोक्यातून जात नाही. नमुना घ्यायचा तो बाजूच्या शेवटचा, बोलणं संपून बराच वेळ झालेला. हे मला माहीत होतं. वाजवायच्या आधी टेप दोन-तीनदा पुढे-मागे पळवली की ही छाप फिकी होते, हेही माहीत होतं. तेही आळसाने केलं नव्हतं. आळशी आहे ते एका परीनं बरंच झालं म्हणायचं.

सव्वाबाराला मूळ तुकडाच पाठवला, न धुतलेला. ताई जागीच होती. घागर आणलीये, डांगर (खरबूज) उद्या, सांजोऱ्या तिच्याकडे. आगारी, म्हणजे पितरांचा घास विस्तवात, टाकताना क्लिप लावणार म्हणे.

मी लिहिलं, आवाज आधीपासूनच मोठा ठेव, बोलण्याच्या दोन सेकंद आधीपासून.

“तठे काय शे?”

“खरखर.”