वाट आमची, पाटी त्यांची

आधी एक खुलासा. लिस्बनच्या रोसियू चौकात, थिएटरच्या बाजूच्या कारंज्यापाशी, सकाळी साडेदहाला काळ्या छत्रीला नारिंगी फडकं बांधून जो उभा असतो, लोकांना शहराची खाद्यसफर घडवायला, तो मी. पिवळ्या छत्रीवाले आमचे कोणी लागत नाहीत. त्यांच्या पाटीवर 'मूळ खाद्यसफर' असं लिहिलेलं असतं. ती सफर ज्या बोळांतून जाते ते बोळ मी दोन जोड बुटांचे तळ घालवून शोधलेले आहेत. आमच्या सफरीला दहा वर्षं झाली म्हणून चार शब्द लिहायला बसलो, तर पहिल्याच परिच्छेदात पिवळी छत्री आली. येणारच होती.

मी गोव्यातल्या डिचोलीचा. वडिलांचा जन्म 1961 च्या आधीचा, त्यामुळे त्यांची नोंद लिस्बनला करून घेतली की मुलांनाही पोर्तुगीज पासपोर्ट मिळतो. 2020 पर्यंत आमच्याकडचे पुष्कळ जण तो पासपोर्ट घेऊन थेट इंग्लंड गाठायचे. मी वाटेतच उतरलो. 2009 साली एका हॉटेलच्या किचनमध्ये लागलो, भांडी घासायला आणि बाकल्याव भिजत घालायला.

बाकल्याव म्हणजे खारवून वाळवलेला कॉड. पोर्तुगीज माणूस त्याच्यावर जीव टाकतो आणि मासा येतो नॉर्वेहून. फळीसारखा कडक तुकडा, वर मिठाचा पांढरा थर. तो थंड पाण्यात एक-दोन दिवस ठेवायचा, जाड असेल तर तीन, आणि पाणी बदलत राहायचं. कधी काढायचा हे घड्याळ सांगत नाही. कडेचा एक रेषा तोडून जिभेवर ठेवायचा, मीठ लागलं पण टोचलं नाही की झालं. खारा बांगडा कधी धुवायचा आणि कधी नुसता झटकायचा हे आईकडे बघून शिकलो होतो, म्हणून हे काम मला जमलं. शेफने दोन महिन्यांत चव बघणं सोडलं. या धंद्यात माझ्याकडे जी काही जीभ आहे ती त्या प्लॅस्टिकच्या टबांवर तयार झालेली आहे, कुठल्या कोर्सवर नाही.

सुटी झाली की मी मौरारियात जेवायला जायचो. 1147 मध्ये शहर जिंकल्यावर मूर लोकांना किल्ल्याच्या उतारावर राहायला जागा दिली, ती ही मौरारिया. आज खाली मार्तिम मोनीश चौकात बांगलादेशी, चिनी, आपली, सगळी दुकानं आहेत. कढीपत्ता तिथेच मिळतो. त्या चढावर एक तास्का होती, म्हणजे आपल्याकडची खानावळ समजा. सहा टेबलं, कागदी टेबलक्लॉथ, काउंटरवर काचेखाली शामुसा. हो, सामोसाच, गोवा-मोझांबिककडून आलेला, आता लिस्बनच्या कुठल्याही साध्या कॅफेत दिसतो. चालवणाऱ्या बाईंना सगळे 'दोना' म्हणत, मीही दोनाच म्हणायचो. त्या मला 'फिल्यु' म्हणत, म्हणजे मुला.

एका दुपारी पुण्याचं एक कुटुंब त्या बोळात हरवलेलं सापडलं. आजी, आजोबा, सून, मुलगा, दोन नातवंडं. सकाळपासून केळी आणि बिस्किटं. मी मराठीत "काय शोधताय?" विचारलं तर आजी रडायच्याच बाकी होत्या. त्यांना दोनाकडे नेलं. दोनांनी काल्दु व्हेर्द आणलं, बटाट्याच्या सुपात केसासारखी चिरलेली हिरवी पानं. वर सॉसेजची चकती होती. मी म्हटलं, दोना, हे लोक मांस खात नाहीत. त्यांनी चमच्याने चकती उचलली, बाजूला ठेवली आणि बशी परत पुढे सरकवली. म्हटलं, असं चालत नाही. "पण काढलं ना?" त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरचं आश्चर्य होतं.

मग त्या आत गेल्या आणि पेशिन्युश दा ओर्ता तळून आणले. नावाचा अर्थ 'परसातले छोटे मासे', पण आत मासा नाही, फरसबीच्या शेंगा असतात. पिठात बुडवून तळलेल्या. जपानचा टेम्पुरा यातूनच निघाला असं मानतात. पिठात अंडं नको हे मी आधीच ओरडून सांगितलं होतं. आजोबांनी एक उचलला, बघितला, म्हणाले, "अहो, ही तर भजी!" त्या टेबलावर आमची कंपनी सुरू झाली. पुढे त्या कुटुंबाने चार जणांना पाठवलं, त्या चौघांनी बाराजणांना. 2014 मध्ये हॉटेल सोडलं, सरकारदरबारी नोंदणी केली, दोन विमे उतरवले (अपघाताचा आणि नुकसानभरपाईचा, दोन्ही लागतात) आणि छत्री उघडली.

छत्रीबद्दल सांगतो, कारण लोक हसतात. ती म्हापशाच्या बाजारातली आहे, लाकडी दांड्याची, आठ काड्यांची. इथल्या दुकानातली घडीची छत्री नदीवरच्या वाऱ्यात पहिल्याच फेरीत उलटी होते. हिच्या दोन काड्या मी तारेने बांधल्यात, फडकं तीनदा बदललंय. मध्ये कानात घालायची रेडिओ यंत्रंही घेतली होती, बारा नग, सेकंडहँड. महिन्याभरात विकून टाकली. कानात बोंडूक घातलं की माणूस प्रश्न विचारत नाही आणि शेजाऱ्याशी भांडतही नाही. न भांडणारा ग्रुप घेऊन मी काय करू? दहाच्या वर माणसं घेत नाही, आवाज पुरतो.

दुसरं हत्यार म्हणजे वही. लाल कापडी बांधणीची, लांबोडकी, आपल्या वाण्याकडे असते तशी. चार रकाने: तारीख, माणसं, काय खात नाहीत, दुकानाला किती दिले. तिसरा रकाना सर्वांत रुंद आखलेला आहे. काय खातात हे विचारून काही कळत नाही, सगळे "सगळं" म्हणतात. काय खात नाही ते विचारा. आणि चौथ्या रकान्यात उधारी नको, त्याच दिवशी, रोख, हातात. नवीन मुलं सल्ला मागत नाहीत, तरी सांगतो.

आता भागीदार. नाव घेणार नाही. आपलाच माणूस, मराठी उत्तम, कॉम्प्युटर त्याहून उत्तम. 2015 मध्ये आला, वेबसाइट त्याने केली, फोटो त्याने काढले, हे मान्य करतो. वहीच्या पानांचेही फोटो काढत होता, "बॅकअप असावा" म्हणून. 2017 च्या दिवाळीनंतर म्हणाला, मला वेगळं काही करायचंय. मी शुभेच्छा दिल्या. माझ्या हातचा चिवडाही नेला त्याने. फेब्रुवारीत रोसियूवर पिवळी छत्री उघडली, माझ्या कारंज्यापासून पन्नास पावलांवर, सव्वादहाला. थांबे तेच, क्रम तोच, माझे विनोदसुद्धा तेच. पाव, बटाटा, कोबी, चावी, बादली, पगार हे शब्द पोर्तुगीजांकडून आले आणि भाजीवालीकडे जाऊन 'बताता' म्हणा, ती देईल, हा माझा सगळ्यात चालणारा खेळ, तोही गेला. आणि सफर 'मोफत'.

मोफतचं गणित वाचकांना माहीत असेलच, तरी सांगतो. शेवटी टोपी फिरते आणि दुकानाकडून कमिशन येतं. म्हणजे वाट चव ठरवत नाही, कमिशन ठरवतं.

2018 चा उन्हाळा. शहर पर्यटकांनी फुललेलं आणि माझ्या वहीत जूनच्या दोन आठवड्यांत एकच ओळ, तीही दोघांची. जून म्हणजे सांतु अंतोनियु या संताच्या सणाचा महिना, गल्लीगल्लीत सार्डिन भाजतात, तुळशीसारख्या मांजेरिकूच्या कुंड्या विकायला असतात. त्या धुरात मी रिकामी छत्री घेऊन उभा. रात्री जुन्या हॉटेलात परत भांडी घासायला जायला लागलो. बायकोला सांगितलं, रात्रीची सफर सुरू केलीय. तिने हातांच्या वासावरून ओळखलं होतं, हे मला दोन वर्षांनी कळलं.

त्यातच दोनाकडे तक्रारवही भरली गेली. पोर्तुगालमध्ये प्रत्येक दुकानात तक्रारवही ठेवावी लागते, मागितली की द्यावीच लागते. कुणीतरी लिहिलं की इथे अस्वच्छता आहे. तपासणीवाले आले. स्वयंपाकघर लखलखीत, पण फ्रिजच्या तापमानाची नोंद अर्धी कोरी. दंड झाला. तक्रारीखाली नाव भलतंच होतं. पुरावा नाही, म्हणून आरोप करत नाही. अक्षर मात्र मी दोन वर्षं माझ्या वहीत बघितलेलं होतं.

दोनांचे मी तेव्हा सहाशे चाळीस युरो देणं लागत होतो. स्वतःचा चौथा रकाना स्वतःच मोडला होता. तास्कात बिल टेबलावरच्या कागदी टेबलक्लॉथवरच लिहितात. त्यांनी माझं देणं तसंच लिहिलं, तेवढा तुकडा फाडला आणि चुलीशेजारच्या खिळ्याला टोचला. पिवळीवाला त्यांच्याकडेही गेला होता, माझ्यापेक्षा माणशी एक युरो जास्त देतो म्हणून. त्यांनी त्याला कॉफी दिली, कॉफीचे पैसे घेतले आणि कागदाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "आधी याचे फिटू देत." बारा जणांचा रोजचा ग्रुप सोडला त्या बाईने. तिथल्या बाकी तीन दुकानांनी सोडला नाही. त्यांना दोष देत नाही. तिघांची नावं माझ्या लक्षात आहेत, एवढंच.

मी वाट बदलली. सुरुवात साव दोमिंगुश चर्चपासून केली. 1959 च्या आगीत आतले खांब तडकले, ते तसेच ठेवलेत. 1506 मध्ये याच भागात ज्यूंची कत्तल झाली. पलीकडे जिथे थिएटर आहे तिथे इन्क्विझिशनचा, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचा, वाडा होता, आणि 1560 पासून तीच इन्क्विझिशन गोव्यात. नार्व्याचा देव सप्तकोटेश्वर दिवाडी बेटाहून नदीपार आमच्या तालुक्यात का आला, हे तिथे उभं राहून सांगितलं की पंधरा मिनिटं कुणी खाण्याचं नाव काढत नाही. मग कोपऱ्यावर 1840 पासूनच्या टपरीवर जिंजिन्या, आंबट चेरीची दारू, इवल्या ग्लासात. "कों एलश?" विचारतात, म्हणजे चेरी हव्यात का. हव्यात म्हणा. ही वाट पिवळ्यांनी उचलली नाही, कारण इतिहास पाठ करावा लागतो. ऑक्टोबरपर्यंत वहीत ओळी दिसायला लागल्या. कागदावरचा आकडा दोना स्वतः खोडायच्या, खाली नवा लिहायच्या.

2019 चांगलं गेलं. मार्च 2020 मध्ये आणीबाणी लागली. पुढच्या दोन वर्षांबद्दल सगळ्यांनी सगळं लिहिलंय. मी भांडी घासली, यावेळी सांगून.

येणार असाल तर सकाळी नाश्ता करू नका. टेबलावर न मागता पाव, ऑलिव्ह, चीज येतं. ते फुकट नसतं, खाल्लंत तर बिलात लागतं, नको असेल तर हात न लावता परत करा. रबरी तळाचे बूट घाला, इथली दगडी फरसबंदी पावसात साबणासारखी होते. आणि उपवास असेल तर आदल्या दिवशी सांगा, ऐन चढावर नको.

दोनांची तास्का 2022 मध्ये बंद झाली. इमारत विकली गेली, आता तिथे पर्यटकांना भाड्याने द्यायच्या खोल्या आहेत. त्या लेकीकडे बारैरूला राहतात, नदीपलीकडे. गुरुवारी बोटीने येतात आणि खालच्या बोळातल्या तास्कात, जिथे हल्ली आम्ही पेशिन्युश खातो, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसतात. पीठ जाड झालंय असं दर गुरुवारी म्हणतात, तिथला पोरगा दर गुरुवारी पातळ करतो. दुकान आवरताना तो कागद त्यांनी मला दिला. शेवटचा आकडा खोडलेला नाही, अडतीस. मी दोनदा द्यायला गेलो. म्हणाल्या, ठेव, नाहीतर तू यायचा नाहीस.