रामटेकच्या नरसिंहापाशी दीड तास

डिसेंबरात नागपूरला एकट्यानं जायचं असेल तर थंडीच्या आधी अधिवेशनाच्या तारखा बघा. मी बघितल्या नव्हत्या. साताऱ्याहून महाराष्ट्र एक्सप्रेसनं अख्खी रात्र आणि वर अर्धा दिवस काढून नागपूरला उतरले, पाठीवर सॅक, आणि स्टेशनजवळच्या पहिल्या तीन लॉजवर एकच उत्तर, ‘फुल्ल’. हिवाळी अधिवेशनात आमदार, त्यांचे पीए, मोर्चेवाले, पत्रकार सगळे इथंच मुक्कामाला. चौथ्या ठिकाणी खोली होती. काउंटरवरच्या माणसानं माझं आधार कार्ड उलटंसुलटं केलं, माझ्या मागं कोणी येतंय का ते बघितलं, आणि ‘एकट्या मुलीला देत नाही आम्ही’ म्हणत कार्ड परत सरकवलं. तेवीस वर्षांची आहे, पगार कमावते, पण खोलीसाठी सोबत भाऊ हवा!

ती रात्र स्टेशनच्या रिटायरिंग रूमनं वाचवली. तिला पीएनआर लागतो, त्यामुळं तिकीट जपून ठेवा आणि जमलं तर निघण्याआधीच ऑनलाइन बुक करा. दुसऱ्या दिवशी बर्डीत एका काकूंच्या लॉजवर जागा मिळाली. (सीताबर्डी कोणी म्हणत नाही. रिक्षावाल्याला ‘बर्डी’ म्हटलं की तुम्ही निम्मे नागपूरकर.) आता मी आधी फोन करते आणि पहिलाच प्रश्न विचारते, ‘एकटी मुलगी आहे, चालेल ना?’ नाही म्हणणारे फोनवरच नाही म्हणतात, पायपीट वाचते. अजून एक, स्टेशनच्या क्लोक रूममध्ये बिनकुलपाची बॅग घेत नाहीत. सॅकच्या दोन चेनमध्ये बसेल असं बारकं कुलूप घरूनच न्या. मी बाहेरून घेतलं, तिसऱ्याच दिवशी त्याची किल्ली आत फिरेना.

मला शांत जागा हवी होती. ऑफिसचं वर्ष कसं गेलं ते इथं सांगत नाही.

त्याच दुसऱ्या दिवशी मेट्रोनं रहाटे कॉलनीला उतरून चालत दीक्षाभूमीला गेले. १४ ऑक्टोबर १९५६ला बाबासाहेबांनी इथं धम्मदीक्षा घेतली, हे शाळेत पाठ केलेलं. पण स्तूपाच्या आत शिरल्यावर डोक्यावर एवढी मोठी पोकळी आणि खाली आपल्या पायांचा आवाज, हे कुणी सांगितलं नव्हतं. आडवार होता, माणसं मोजकी. शेजारी एक आजोबा नातवाला हळू आवाजात काहीतरी समजावत होते. शांतता हवी असेल तर दसरा टाळा, तेव्हा इथं लाखो लोक येतात. आणि तेच बघायचं असेल तर मुद्दाम दसऱ्यालाच या. फुटाळा तलाव संध्याकाळी छान असतो म्हणे. मला तिथं फक्त हॉर्न ऐकू आले.

तिसऱ्या दिवशी रामटेक, टेकडीवरच्या जुन्या मंदिरांचं गाव.

गणेशपेठेच्या एसटी स्टँडवरून गाडी धरली. साधारण पन्नास किलोमीटर, दीड तास. २०२३च्या मार्चपासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, म्हणजे हा प्रवास चहा-नाश्त्याच्या पैशात होतो. नाश्ता म्हणजे तर्री पोहे, वर चण्याचा झणझणीत रस्सा ओतलेले. वरची तर्री ‘जरा कमी’ सांगायला लाजू नका. मी लाजले आणि कन्हानपर्यंत बाटली रिकामी केली. शेजारच्या मावशींनी सॅककडे बघत विचारलं, ‘एकटीच फिरून राहिली का बेटा? घरचे काही म्हणत नाही?’ म्हणतात की, म्हटलं. त्यावर त्यांनी पिशवीतून दोन संत्री काढून माझ्या हातावर ठेवली.

गडावर जायला मागच्या बाजूनं गाडीरस्ता आहे. पाय धड असतील तर अंबाळा तलावाकडून जुन्या दगडी पायऱ्यांनी चढा, सकाळी नऊच्या आत. त्या वेळी उन्हाचा त्रास नाही आणि पायऱ्यांवर गर्दी नाही. वानरं मात्र कधीही असतात, काळ्या तोंडाची, लांब शेपटीची. माझ्या सॅकच्या बाजूच्या जाळीत ती दोन संत्री होती. मागून नुसती हलकी ओढ जाणवली, वळेपर्यंत महाराज तटबंदीवर बसले होते. दातानं साल फाडून, थुंकून, अर्धं संत्रं संपलंही. दुसरं मी गुपचूप आत टाकलं. हातात प्रसादाची पिशवी मिरवत चढू नका, एवढंच.

वरचं राममंदिर भोसल्यांच्या काळातल्या जीर्णोद्धाराचं. तिथं रांग, घंटा, फोटो, सगळं आहे. रामनवमीला आणि त्रिपुरी पौर्णिमेला तर मोठी गर्दी. वाटेत दगडाचा भलामोठा वराह आहे, त्याच्या पोटाखालून सरपटत जायचं, पापी माणूस अडकतो म्हणतात. एक जाडजूड काका अडकता अडकता सुटले आणि त्यांच्या बायकोनं टाळ्या वाजवल्या. मेघदूतातला रामगिरी तो हाच असं मानतात, म्हणून कालिदासाचं स्मारकही इथं आहे. मी त्याला चटकन फेरी मारली.

पण थांबले ती नरसिंहापाशी. गडाच्या वाटेवर केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह अशी वाकाटक राजांच्या काळातली दोन मंदिरं आहेत, पाचव्या शतकातली. बुटकी, जाड भिंतींची, नक्षी जवळजवळ नाहीच. वर जाणारी माणसं त्यांच्याकडं बघतही नाहीत. केवल नरसिंहाच्या आत चार खांब, पुढं अंधार, आणि डोळे सरावले की अंधारातून भलीमोठी मूर्ती बसलेली दिसते. तांबूस दगड, गुडघा वर घेतलेला, हात निवांत. हिरण्यकशिपू नाही, रक्त नाही, आतडी नाहीत. काम संपवून ओट्यावर टेकलेल्या माणसासारखा बसलाय. भिंतीत झिजलेला शिलालेख आहे, त्याचा संबंध प्रभावतीगुप्ताशी लावतात. गुप्त घराण्यातल्या दुसऱ्या चंद्रगुप्ताची लेक, वाकाटकांच्या घरात दिलेली, नवरा गेल्यावर लहान मुलाच्या वतीनं राज्य चालवणारी. बाहेरच्या दगडावर पाठ टेकून दीड तास बसले. फोन सॅकमध्येच होता. एक खार आली, गेली. राखणदार एकदा येऊन बघून गेला, काही बोलला नाही.

इथंच थांबले असते तर बरं. पण पायथ्याला जैन मंदिराच्या बाजूला कर्पूर बावडी, म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर आहे, तीही बघायची होती. दुपारी अडीचला गेले. हिरवं साचलेलं पाणी, कडेला जुने दगडी खांब, भोवती झाडी, आणि माणूस म्हणावा तर एकही नाही. जागा सुंदर आहे. तरी दहा मिनिटांत मला आपण पाठमोरं बसू नये असं वाटायला लागलं, आणि मी उठले. कोणी काही केलं नाही, कोणी नव्हतंच. एकट्या मुलींनी बावडी सकाळी करावी, किंवा आणखी कोणी जात असेल त्यांच्या मागोमाग जावं. वर राखणदार होता म्हणून मी दीड तास निर्धास्त बसू शकले होते, हे मला खाली उतरल्यावर कळलं.

मार्च ते जून नागपूरकडं फिरकू नका, मेमध्ये पारा पंचेचाळिसाला टेकतो. पाणी दोन लिटर न्या. उतरल्या उतरल्या कंडक्टरला परतीची शेवटची गाडी विचारून ठेवा. रामटेकचं पान प्रसिद्ध आहे, इथले पानमळे जुने. स्टँडजवळ एक बांधून घेतलं, बसमध्ये खिडकीशी बसून खाल्लं, आणि उरलेलं संत्रं शेजारच्या पोराला दिलं. तो सोलायच्या आधी खिडकीबाहेर वानर आहे का ते बघत होता.