आमची वाटचाल : उद्यमनगरातला एक लेथ

आप्पांनी 1986 ला कोल्हापूरच्या उद्यमनगरात दहा बाय पंधराच्या गाळ्यात सेकंडहँड लेथ, म्हणजे धातू कातायचं मशीन, टाकला. काम एकच, ऑइल इंजिनाचे फ्लायव्हील. शिरोलीच्या फौंड्रीतनं बिडाचं ओतीव कास्टिंग यायचं, आम्ही टर्निंग, बोअरिंग करून परत पाठवायचो, आणि बिडाची काळी धूळ अशी की आई आप्पांचे रुमाल वेगळे धुवायची.

फौंड्री शहराबाहेर, गाळा शहरात, मधे जकात नाका. एवढ्याशा अंतराला टेंपोचा कधी कधी दीड तास जायचा. टेंपोवाले मामा पावती टोपीत ठेवायचे, खिशात घामानं शाई पसरायची म्हणून. 2011 ला जकात गेली, एलबीटी (महापालिकेचा लोकल बॉडी टॅक्स) आला, म्हणजे नाका गेला आणि वही आली. 1 ऑगस्ट 2015 ला तोही सुटला, वर्षाची उलाढाल पन्नास कोटींच्या आत असलेल्यांना माफी होती, आमचं पन्नास लाखही नव्हतं पण पेपरात वाचून बरं वाटलं!

मग 1 जुलै 2017, जीएसटी. जॉबवर्कला, म्हणजे दुसऱ्याच्या मालावर काम करून द्यायच्या मजुरीला, 18 टक्के. लोक म्हणतात टॅक्स पार्टीला, म्हणजे काम देणाऱ्याला, परत मिळतो, तुमचं काय जातंय. सांगतो काय जातंय. फेब्रुवारीचं बिल दोन लाखाचं, त्यावर 36 हजार, इन्सर्ट (कातायची पाती) आणि कटिंग ऑइल घेताना भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट वजा करून उरेल ते 20 मार्चच्या आत भरायचं, आणि पार्टीचा चेक येणार मे नाहीतर जूनमधे. हातात न आलेल्या पैशाचा टॅक्स मी बायकोच्या भिशीतनं भरलाय, खोटं कशाला बोलू. ऑक्टोबर 2019 ला 12 टक्के झाला तेव्हा जरा श्वास घेतला, सप्टेंबर 2025 ला 12 चा स्लॅबच गेला आणि आम्ही परत 18 वर.

विजेचं तर बोलूच नका. दर वाढला की कर्नाटकात जायची भाषा सुरू होते. मोठे जातीलही, माझा ऑपरेटर पाचगावातनं सायकलवर येतो, त्याला निपाणीला कसा नेऊ?

45 दिवसाचा नियम मात्र मला आवडला होता. मायक्रो-स्मॉल, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योगवाल्याचं पेमेंट त्या मुदतीत दिलं नाही तर पार्टीला तो खर्च पैसे देईल त्या वर्षीच इन्कम टॅक्सला धरता येतो. 2024 च्या मार्चएंडला खरंच चेक वेळेत आले. मग एका पार्टीनं गोड बोलून विचारलं, तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन (मायक्रो-स्मॉल असल्याची सरकारी नोंद) काढून टाकता का, म्हणजे नियमच लागणार नाही. आम्ही नाही म्हटलं, तर दोन महिने जॉब अर्धे.

आज दोन सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं) आहेत, चार माणसं आहेत. आप्पांचा लेथ कोपऱ्यात, पंपाचे सुट्टे जॉब त्याच्यावरच होतात. परवा माल पोचवायला गेलो तर स्टोअरवाला म्हणाला, चलन ठेवा, बिल पुढच्या महिन्याच्या तारखेचं आणा.

आणलं.