तुम्ही विचारलेत म्हणून: ते विद्युतक्षेत्र कुठे गेले?

व्याख्यान संपले की कोणीतरी विचारतेच: प्लाझ्मात, म्हणजे आयन (विद्युतभारित अणू) आणि मोकळे इलेक्ट्रॉन यांच्या तप्त वायूत, विद्युतक्षेत्र जागोजागी असते, मग चार्ज एक्सचेंजच्या, म्हणजे टक्करीत इलेक्ट्रॉन एका अणूतून दुसऱ्या आयनावर उडी मारतो त्याच्या, तुमच्या हिशेबात ते दिसत का नाही? विचारणाऱ्याचा सूर बहुधा चोर रंगेहाथ सापडल्यासारखा असतो. वर्षानुवर्षे मी त्यावर एकच उत्तर देत आले. ते उत्तर चूक नव्हते, आणि म्हणूनच ते सोडायला मला इतका वेळ लागला.

ते उत्तर असे: हायड्रोजनच्या अणूत इलेक्ट्रॉनला धरून ठेवणारे विद्युतक्षेत्र मीटरला सुमारे ५१४ अब्ज व्होल्ट असते. ५० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा हायड्रोजन अणू ३ टेस्लाच्या चुंबकीय क्षेत्रातून आडवा जातो, तेव्हा त्याला स्वतःच्या वेगामुळे जाणवणारे क्षेत्र मीटरला ९३ लाख व्होल्टच्या आसपास भरते, म्हणजे पन्नास हजारांत एक भागाहूनही कमी. शेजारच्या आयनांचे सूक्ष्मक्षेत्र होल्ट्समार्कच्या १९१९ च्या सूत्राने काढले, तर घनमीटरला १०० अब्ज अब्ज कण असलेल्या प्लाझ्मात ते याच्याही शंभराव्या हिश्श्याएवढे येते. टक्कर तर एका फेमटोसेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात आटोपते. एवढ्या अवधीत एवढे दुबळे क्षेत्र इलेक्ट्रॉनच्या उडीत काय ढवळाढवळ करणार? (भिंतीलगतच्या पातळ आवरणातले क्षेत्र आयनांना वेग देते आणि टक्करीची ऊर्जाच बदलते, ही गोष्ट खरी आहे, पण तो परिणाम वेगाचा, उडीचा नव्हे.)

हाच युक्तिवाद मी एका चर्चासत्रात फळ्यावर मांडत होते. विषय कार्बनचा होता. सर्व इलेक्ट्रॉन गमावलेला कार्बन, प्लाझ्मात सोडलेल्या हायड्रोजन अणूंच्या शलाकेतून (झोतातून) एक इलेक्ट्रॉन घेतो, आणि तो इलेक्ट्रॉन आठव्या ऊर्जापातळीवरून सातव्या पातळीवर उतरताना ५२९ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश देतो, ज्यावरून आम्ही कार्बनची घनता काढतो. माझी घनता ब्रेम्सस्ट्रालुंगवरून (आयनांजवळून जाताना वळणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या प्रारणावरून) काढलेल्या घनतेपेक्षा नेहमी कमी निघत असे, आणि त्याचे खापर मी दर वेळी ऑप्टिक्सच्या कॅलिब्रेशनवर फोडत असे. मागच्या रांगेतल्या एका विद्यार्थ्याने शांतपणे विचारले, "मॅडम, इलेक्ट्रॉन पकडल्यावर तो कार्बन आठव्या पातळीवर किती वेळ राहतो?" मी सहज म्हणाले, "साधारण अर्धा नॅनोसेकंद." आणि माझेच उत्तर माझ्या कानांवर पडले. टक्करीच्या कालावधीच्या वीस-तीस लाख पट! तो खडू घेऊन पुढे आला आणि माझ्या आकड्यांच्या शेजारीच त्याने हिशेब मांडला: कार्बन स्वतः शलाकेहून मंद असल्यामुळे त्याला जाणवणारे क्षेत्र मीटरला दहा लाख व्होल्टच्या घरात असते, तेवढ्याने आठव्या पातळीतल्या वेगवेगळ्या कोनीय संवेगाच्या (इलेक्ट्रॉनच्या फिरण्याच्या मापाच्या) अवस्था सुमारे चाळीस पिकोसेकंदांत एकमेकींत मिसळतात, आणि अर्ध्या नॅनोसेकंदात ही मिसळ दहाहून अधिक वेळा होऊ शकते. कोनीय संवेग ७ असलेल्या अवस्थेला सातव्या पातळीवर उतरण्यावाचून दुसरी वाट नसते, त्यामुळे तिच्यातून हिरवा प्रकाश हमखास मिळतो; पण क्षेत्राने तिचा वाटा कमी संवेगाच्या अवस्थांत गेला, की इलेक्ट्रॉन थेट खालच्या पातळ्यांवर जातो आणि ऊर्जा अतिनील किंवा क्ष-किरणांत निघून जाते. म्हणजे मी धरलेल्या दराहून प्रकाश कमी, आणि म्हणून घनताही कमी. फळा पुसायला कोणी उठले नाही. मी "कॅलिब्रेशनही पुन्हा पाहावे लागेल" असे काहीतरी पुटपुटले, आणि त्या वाक्याची लाज मला आजही वाटते.

तेव्हाची मी मात्र सहजासहजी हार मानत नाही. ती म्हणते, उडीवर क्षेत्राचा परिणाम नाही हे तर खरेच ठरले ना? खरेच ठरले. पण मी मोजत होते उडी नव्हे, तर उडीनंतरचा प्रकाश. शिवाय शलाकेत थोडे हायड्रोजन अणू आधीच दुसऱ्या पातळीवर असतात. सर्वांत खालच्या पातळीवरचा अणू बहुतांशी कार्बनच्या चौथ्या पातळीत इलेक्ट्रॉन देतो, दुसऱ्या पातळीवरचा मात्र आठव्या पातळीच्या आसपास देतो, आणि त्या अणूंतल्या अवस्था टक्करीपूर्वीच क्षेत्राने मिसळून टाकलेल्या असतात. म्हणजे क्षेत्र उडीच्या आधीही काम करते आणि नंतरही.

मग सगळे मिसळले असे धरून मोकळे व्हावे का? तेही जमत नाही. कमी संवेगाच्या अवस्थांना त्यांची सूक्ष्मरचना (त्यांच्या ऊर्जांतले बारीक फरक) एकमेकींपासून दूर ठेवते, इतकी की दहा लाख व्होल्टचे क्षेत्र त्यांना नीट एकत्र आणू शकत नाही. जास्त संवेगाच्या अवस्था मात्र लगेच वश होतात. सीमारेषा कुठे पडते हे त्या जागेच्या क्षेत्रावर, तापमानावर आणि शेजारच्या आयनांच्या धक्क्यांवर ठरते, आणि प्लाझ्माच्या मध्यभागी ती जिथे पडते, तिथे कडेला राहत नाही. म्हणून हल्ली मी आलेखात दोन वक्र छापते, एक मिसळ धरून आणि एक न धरता, आणि समीक्षक विचारतात की यांतला तुमचा कोणता.