दोन सेकंदांचा तुकडा

१७ एप्रिल २००८, गुरुवार. रात्रीचे अकरा वाजून गेले होते आणि मी प्रोजेक्टरच्या बूथमध्ये ‘द फॉरबिडन किंगडम’ची सहा रिळं टेबलावर मांडून जोडत बसलो होतो. दुसऱ्या दिवशी अमेरिकाभर सिनेमा लागायचा होता. खालून मॅनेजरबाई वर आल्या, पेट्यांवर टिचकी मारून म्हणाल्या, “हा कराटेवाला जरा लहान पडद्यावर लावू या. मुलांच्या सुट्ट्या लागतायत, पण त्याला कितीसे लोक येणार?”

मी म्हटलं, “बाई, मोठा द्या.”

“का?”

आता त्यांना काय सांगणार? जॅकी चॅन आणि जेट ली एकाच पडद्यावर, हे पहिल्यांदाच घडत होतं. एक हाँगकाँगच्या चिनी ऑपेराच्या शाळेत मार खात खात घडलेला, दुसरा पेकिंगच्या वूशू संघातला, राष्ट्रीय विजेता. हे दोघं कधी समोरासमोर येणार, ही वाट चाहते कित्येक वर्षं बघत होते. आले तेव्हा एक नुकताच चौपन्न पूर्ण केलेला आणि दुसरा पंचेचाळिशीला टेकलेला. मारामारी बसवणारा युएन वू-पिंग, म्हणजे ज्यानं १९७८ साली जॅकीला दारुड्या पैलवानाच्या भूमिकेत उभा केला तोच. एवढं सगळं इंग्रजीत सांगण्याइतका दम माझ्यात तेव्हा नव्हता. म्हणून नुसतं “गर्दी होईल” म्हणालो. बाईंनी मध्यम आकाराचा तीन नंबर दिला.

मी मूळचा सातारा जिल्ह्यातला. मामांचा तंबूतला सिनेमा होता. पुसेगाव, म्हसवड, औंध अशा जत्रा करत फिरायचा. सोळाव्या वर्षी मशीनवर उभा राहिलो, कार्बनच्या कांड्या जाळून डोळे लाल करून घेतले. ‘चिनी मारामारी’ अशी पाटी लावली की तंबू भरायचाच. नट कोणीही असो, आमच्याकडे सगळेच ब्रुसली. पुढं बहिणीनं कागद केले आणि अडतिसाव्या वर्षी मी बॉस्टनला आलो. इथल्या मल्टिप्लेक्सला ऑपरेटर हवा होता, आणि मला दुसरं काही येत नव्हतं. राहायला क्विन्सीत. लिहितात क्विन्सी, म्हणतात क्विन्झी. आमच्या गल्लीत निम्म्या दारांवर लाल कागदावरची चिनी अक्षरं चिकटवलेली. म्हणूनच मला माहीत होतं, गर्दी होणार.

शुक्रवारी दुपारी चारच्या खेळालाच निम्मं थिएटर भरलं. सातच्या खेळाची तिकिटं सहालाच संपली आणि रांग पॉपकॉर्नच्या काउंटरला वळसा घालून दारापर्यंत गेली. कॉलेजची पोरं, कुठल्या तरी कुंगफूच्या क्लासची पंधरा-वीस मुलं एकसारख्या काळ्या टी-शर्टात, आणि नातवंडांचा हात धरून आलेली चिनी म्हातारी माणसं. मॅनेजरबाई धापा टाकत वर आल्या. चार नंबरमधल्या सिनेमाला अकरा माणसं होती. त्यांना पैसे परत देऊन तो पडदा मोकळा करता येत होता.

“पण प्रिंट एकच आहे,” बाई म्हणाल्या.

“चालेल,” मी म्हणालो.

गावाकडं एक प्रिंट दोन टॉकीजला चालवायची तर रिळाचा डबा सायकलच्या कॅरिअरला बांधून पोरगं पळायचं. इथं सायकल लागायची नाही. तेव्हा सगळी रिळं जोडून एका आडव्या चकतीवर गुंडाळलेली असायची. चार फूट व्यासाची परातच ती. फिल्म परातीच्या मधून सुटते, मशीनमधून जाते आणि दुसऱ्या परातीवर गुंडाळली जाते. पण मशीनमधून आलेली फिल्म लगेच न गुंडाळता छताजवळच्या चाकांवरून पुढं नेली, शेजारच्या मशीनमध्ये घातली आणि मग परातीवर घेतली, की एका प्रिंटवर दोन पडदे चालतात. दोन्ही मोटारी मात्र एका तालात फिरायला हव्यात. तीनची मशीन आणि चारची मशीन यांच्यात फिल्मची वाट साठ फुटांची होती. मिनिटाला नव्वद फूट फिल्म जाते. म्हणजे तीन नंबरमध्ये दिसलेलं चित्र चार नंबरमध्ये चाळीस सेकंदांनी उमटणार.

त्या चाळीस सेकंदांनी मला जे दाखवलं ते कुठल्याच प्रेक्षकाला दिसलं नसेल. बूथच्या काचेतून आवाज दबका येतो, पण येतो. तीन नंबरमध्ये जुन्या कुंगफू सिनेमांच्या पोस्टरांची नावं सुरू झाली की टाळ्या. मी चालत चारच्या काचेपाशी जाईपर्यंत तिथं त्याच टाळ्या. खाणावळीत झिंगलेला जॅकी आला, तीनमध्ये आरोळी. चाळीस मोजले की चारमध्ये आरोळी. मी आपला दोन काचांच्या मध्ये येरझाऱ्या घालतोय आणि डोक्यावरून फिल्म चाललीय.

एक फरक दिसला. तीनमध्ये पोरं जास्त, ती प्रत्येक उडीला ओरडत होती. चारमध्ये उशिरा आलेले घरंदाज लोक. ते हसत जास्त होते.

तिसऱ्या रिळात देवळातली मारामारी आहे. पांढऱ्या वस्त्रातला मौनी भिक्षू आणि जटा वाढवलेला दारुडा, दोघं पहिल्यांदा समोरासमोर येतात. तीन नंबर एकदम गप्प झाला. इतका, की मला मशीनची टिकटिक जास्त ऐकू यायला लागली. मग पहिला हात उडाला आणि पोरं खुर्च्यांवरून उठलीच. आता मी चारच्या काचेकडे निघालो. तिथली शांतता मला बघायची होती.

तेवढ्यात मागून चर्रर्र आवाज आला.

परातीच्या मध्ये एक भाग असतो, फिल्म किती वेगानं सोडायची ते तो ठरवतो. त्याला म्हणतात ब्रेन. हवा कोरडी असली, फिल्मवर वीज साठली, की एक वेटोळं दुसऱ्याला चिकटून येतं आणि ब्रेनभोवती फास बसतो. जुन्या जमान्यातली फिल्म अशा वेळी सरळ तुटायची. नंतरची पॉलिएस्टरची तुटत नाही, ती मशीनलाच ओढते. मी पोचेपर्यंत फिल्म तारेसारखी ताणली होती, तीनच्या मशीनमध्ये कडेची भोकं चिरत गेली होती. सेन्सरचा दांडा पडला, झडप बंद झाली, दोन्ही मशीन थांबल्या आणि दोन्ही थिएटरांत आपोआप दिवे लागले.

तीन नंबरच्या लोकांनी मारामारीची नुसती सुरुवात बघितली होती. चार नंबरच्या लोकांच्या पडद्यावर ती आत्ता सुरू होणार होती.

तंबूत असं झालं की शिट्ट्या, शिव्या आणि क्वचित चप्पल. इथं पहिली दहा सेकंद कोणीच बोललं नाही. मग तीन नंबरमध्ये जो आवाज उठला तो थेट म्हसवडच्या जत्रेतला. भाषा वेगळी, सूर तोच. मी फास सोडवायला घेतला होता. हात थरथरत होते, हे कबूल करायला हवं. तीस वर्षं मशीनवर काढलेल्या माणसाला असं होऊ नये. दोन पडद्यांची हौस मलाच आली होती.

सोडवता सोडवता काचेतून एकदा खाली बघितलं. काळ्या टी-शर्टवाल्यांपैकी दोघं पडद्याच्या पुढं गेले होते. एक झोकांड्या खात होता, दुसरा हात जोडून ताठ उभा. पडद्यावर अर्धवट राहिलेली मारामारी ते पुढं चालवत होते! दारुड्या खाली पडता पडता लाथ मारतोय, भिक्षू ती हातानं बाजूला सारतोय, आणि सबंध थिएटर ठेका धरून टाळ्या वाजवतंय. पहिल्या रांगेतल्या एका आज्जींनी दारुड्याला आपला कोकचा ग्लास पुढं केला. त्यानं तो वाकून घेतला, एक घोट प्याला आणि पुन्हा झोकांडी. चार नंबरमध्ये असलं काही चाललं नव्हतं. तिथं मॅनेजरबाई एकट्या दोनशे माणसांना तोंड देत उभ्या होत्या.

मी खराब झालेली फिल्म मोजली. तीन फूट. एका फुटात सोळा चित्रं, सेकंदाला चोवीस. म्हणजे अठ्ठेचाळीस चित्रं, दोन सेकंद. सिनेमात कुठं दोन सेकंद कापायचे असते तर मी हसत कापले असते. वाळवंटात पाऊस मागणाऱ्या दारुड्यावर भिक्षू लघवी करतो त्या विनोदातले तर मिनिटभर दिले असते. पण नेमके इथले! भोकं इतकी फाटली होती की चिकटपट्टीनं सांधणं शक्यच नव्हतं. कापली, जोडली, पुन्हा दोन्ही मशीनमध्ये ओवली. अठरा मिनिटांत दिवे गेले. तीन नंबरनं मशीनला अशी टाळी दिली जशी मी सिनेमाच काढलाय. थोड्याच वेळात चार नंबर गप्प झाला आणि मी ती शांतता काचेला नाक लावून बघितली.

खेळ सुटल्यावर बाईंनी मला खाली उभं केलं. माफीचे पास वाटायचे होते. बहुतेकांनी पास घेतला आणि सिनेमाबद्दलच बोलायला लागले. बोलणं साधारण एकच. दोघांची ती झुंज सोन्यासारखी, पण वीस वर्षं उशीर झाला. दोघंही इंग्रजीत बोलतात ते कानाला टोचतं. आणि मध्ये हा बॉस्टनचा गोरा पोरगा कशाला? हे एक चिनी मुलगी तावातावानं सांगत होती, तर तिच्यामागचा साउथ बॉस्टनचा आडदांड माणूस म्हणाला, आमचा पोरगा म्हणून दाखवलाय त्याला आमच्यासारखं बोलता तरी येतं का!

एक चिनी आजोबा मात्र पास घेईनात. त्यांची तक्रार यंत्राबद्दल नव्हतीच. नात सांगत होती, “ते म्हणतात, वानरराजाला पाचशे वर्षं कोंडून ठेवलं, बरोबर. पण त्याला सोडवायला गुरुजी येतात. हा पोरगा कोण?”

वानरराजाची ती जुनी चिनी कथा मला फार ठाऊक नव्हती. पण श्रेयनामावलीत मी त्या पोराचं आडनाव वाचलं होतं, ट्रिपिटिकस. मराठी माणसाला त्यात ‘त्रिपिटक’ दिसणारच. मी नातीला म्हटलं, आजोबांना सांग, पोराच्या आडनावातच गुरुजी लपवलेत. तिनं सांगितलं. आजोबा थांबले. गुरुजींचं चिनी बिरुद ‘सानझांग’, त्याचा अर्थही त्रिपिटकच, हे मग त्यांनीच मला सांगितलं. मी म्हणालो, “ते गुरुजी खरोखरचे होते ना? ह्युएनत्संग?” शाळेत शिकलेलं नाव. आजोबांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. तीनदा वेगवेगळ्या तऱ्हेनं म्हटलं. शेवटी नातीनं “श्वेनझांग” म्हटल्यावर ते हसले.

“ते आमच्या मुलखात आले होते,” मी म्हणालो. “सातव्या शतकात. पुलकेशीचं राज्य होतं.”

“काय लिहिलं तुमच्याबद्दल?”

“मानी लोक. उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत. सूड घ्यायचा तर शत्रूला आधी कळवतात.” मला आणखी एक आठवलं. “आणि लिहिलंय, लढाईला निघायच्या आधी यांचे वीर दारू पितात, हत्तींनाही पाजतात, आणि मग त्यांच्यापुढं कोणी टिकत नाही.”

नातीनं ते सांगितलं. आजोबांनी आधी हवेत झोकांडी खाल्ल्यासारखं केलं, मग माझ्याकडं बोट दाखवलं आणि खो खो हसत सुटले. पास त्यांनी घेतला. दोन घेतले.

त्या आठवड्याअखेर सिनेमा अमेरिकेत पहिल्या नंबरवर राहिला, २ कोटी १४ लाख डॉलरांची कमाई करून. बाईंनी दुसरी प्रिंट मागवली. माझा पराक्रम वरपर्यंत कळवला की नाही ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

शनिवारी दुपारी तिकीट फाडणारा पोरगा वर आला. “खाली कोणी तरी तुम्हाला भेटायचं म्हणतोय.” गेलो. तेरा-चौदा वर्षांचा मुलगा, अंगात काळा टी-शर्ट. शुक्रवारी चारचा खेळ बघितला होता, आज पुन्हा.

“देवळात एक जागा तुटतेय,” तो म्हणाला. “काल दुपारी नव्हती. हात वर असतो आणि एकदम खालीच. मधलं काय झालं?”

दोन सेकंद! मी त्याला थांबायला सांगितलं, वर गेलो, आणि टेबलाच्या कडेला खिळ्याला अडकवलेला तुकडा घेऊन आलो. खरं तर तो टाकून द्यायला हवा होता. त्यानं दोन बोटांत धरून लॉबीतल्या दिव्यासमोर नेला. चिरलेल्या भोकांच्या मध्ये एकाखाली एक चित्रं, प्रत्येकात दोघं. रुंद पडद्याच्या सिनेमात चित्र फिल्मवर आडवं दाबलेलं असतं, भिंग ते पडद्यावर ताणतं. त्यामुळे तुकड्यावर दोघंही काडीसारखे उंच दिसत होते.

मुलगा बराच वेळ एकेक चित्र मोजत वर सरकत होता.

“हे इतके बारीक का झालेत?” त्यानं विचारलं.