तरुण संघाच्या खेळांची नोंद : यंदा कुणीच बाद नाही

सलाम मंडळी. जूनपासून आतापर्यंत काय काय खेळवलं, त्यातलं काय टिकलं आणि काय गुंडाळून ठेवलं, ते एकदा लिहून काढतोय. तुमच्याकडेही शनिवार-रविवारी पोरं गोळा होत असतील तर काही उपयोगी पडेल.

आधी आमची परिस्थिती. नगर जिल्ह्यातली लहानशी ख्रिस्ती मंडळी, देवळाला (म्हणजे चर्चला) लागून पत्र्याचा हॉल, पुढे मुरमाचं अंगण आणि कोपऱ्यात एक जुनं उंबराचं झाड. तरुण संघात आठवीतल्या पोरापोरींपासून एमआयडीसीत पहिली पाळी करून थेट येणाऱ्या दादालोकांपर्यंत सगळे. गाणी आणि वचनाच्या (बायबलमधल्या संदेशाच्या) आधीचा अर्धा तास खेळाचा, आणि तो माझ्याकडे. पाळकसाहेबांची अट एवढीच की पोरांना दम लागला तर लागू दे, पण भांडण घेऊन कुणी वचनाला बसायचं नाही.

यंदा मी स्वतःला एक अट घालून घेतली: कुणालाही बाद करायचं नाही. संगीत खुर्ची, पार्सल, ‘शिवाजी म्हणतो’ या खेळांची रचनाच अशी की कच्चा भिडू सगळ्यात आधी बाहेर. लाजरीबुजरी मुलगी किंवा पहिल्यांदाच आलेला कुणाचा तरी मावसभाऊ दुसऱ्या मिनिटाला भिंतीला टेकतो, खिशातून मोबाइल काढतो आणि मग सभा संपेपर्यंत मोबाइलमध्येच असतो. ज्याच्यासाठी खेळ घ्यायचा तोच प्रेक्षक. त्यापेक्षा न खेळवलेलं बरं.

पावसाळा, हॉलमध्ये

पत्र्यावर पाऊस कोसळायला लागला की आमच्याकडे शिट्टीसुद्धा ऐकू येत नाही. म्हणून जून-जुलैत सगळ्या खुणा डोळ्यांनी दिसतील अशा केल्या. लाल रुमाल वर गेला की थांबायचं, हिरवा गेला की सुरू. हे इतकं सोयीचं पडलं की आता पाऊस नसतानाही रुमालच वापरतो, घसा वाचतो.

‘दांडगी पोरं आणि बंद खोली’ हा प्रश्न जुना आहे. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला, वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेच्या प्रशिक्षण शाळेत, जेम्स नेस्मिथ यांच्यापुढे तो उभा राहिला. बाहेर कडाक्याची थंडी, आत कंटाळलेले तरुण. त्यांनी गॅलरीच्या कठड्याला पीच फळांच्या टोपल्या ठोकल्या, १३ नियम लिहिले आणि बास्केटबॉल जन्माला आला. बॉल हातात घेऊन पळायचं नाही हा नियम मुद्दाम केलेला, कारण पळणारा असला की त्याला धरून आपटणारा आलाच. पुढे १८९५ मध्ये होल्योकच्या वायएमसीएत विल्यम मॉर्गन यांनी व्हॉलीबॉल काढला, तो ज्यांना बास्केटबॉल झेपत नव्हता अशा वयस्कर सभासदांसाठी. जगभर खेळले जाणारे दोन खेळ तरुण संघासारख्याच ठिकाणी, अशाच अडचणींतून निघाले, हे आपल्या लोकांना फारसं ठाऊक नसतं.

मला त्या १३ नियमांतला पाचवा फार आवडतो. धक्काबुक्कीचा दुसरा गुन्हा केला की खेळाडू बाहेर, पण पुढचा गोल होईपर्यंतच. मुद्दाम इजा करायला गेला असेल तरच पूर्ण सामन्यासाठी बाहेर. ‘पुढचा गोल होईपर्यंत’ हे मी उचललं आणि जिथे जमेल तिथे बसवत गेलो.

हॉलमध्ये सगळ्यात जास्त चालला तो मात्र बसून खेळायचा खेळ: नाव-गाव-प्राणी-पुस्तक. आपलं नेहमीचं नाव-गाव-फळ-फूल, फक्त सगळं बायबलमधलं. एकाने मनात बाराखडी म्हणायची, दुसऱ्याने ‘स्टॉप’ म्हणायचं, अक्षर ठरलं की रकाने भरायला सुरुवात. एकट्याने लिहिलेल्याला १०, दोघांचं सारखं आलं तर ५. जोड्या लावून बसवतो, एक लहान आणि एक मोठा, म्हणजे आठवीतल्या पोराला कोरा कागद धरून बसावं लागत नाही.

काही अक्षरं सोन्यासारखी निघतात. ‘ग’ घ्या: गिदोन, गथ, गाढव, गणना. चारही रकाने भरले. ‘य’ आला की नावांचा पाऊस पडतो, याकोब, योसेफ, योहान, यहोशवा. गावं यरुशलेम, यरीहो, यापो. पुस्तकं योना, यिर्मया, यहेज्केल. पण ‘य’चा प्राणी? सगळा हॉल पेन चावत बसला. शेवटी एका पोरीने ‘यरुशलेमात शिरलेलं गाढव’ असं लिहून १० गुणांवर हक्क सांगितला. आवाजी मतदान होऊन ५ दिले.

खरा वाद झाला तो ‘ह’वर. एका जोडीने ‘हत्ती’ लिहिला. दुसऱ्यांनी हरकत घेतली की बायबलात हत्ती कुठाय? पहिल्यांनी १ राजे, अध्याय १० काढून दाखवला: शलमोनाची जहाजं सोनं, रुपं, हस्तिदंत, वानरं आणि मोर घेऊन येत. दात आला म्हणजे हत्ती होताच की! पाळकसाहेबांकडे अपील गेलं. निकाल: दात आला, हत्ती आला नाही, गुण शून्य. वसईच्या कॅथलिक मित्रांनो, तुम्ही मात्र निवांत राहा. तुमच्या ७३ पुस्तकांच्या बायबलात मक्काबी आहे आणि १ मक्काबीच्या सहाव्या अध्यायात भर लढाईत हत्ती उभे आहेत. तुम्हाला पूर्ण १०.

या वादानंतर जो तो घरून संदर्भ शोधून यायला लागला. वचन पाठ करून घ्यायला मी इतकी वर्षं चॉकलेटं वाटली, त्यानेही एवढं झालं नव्हतं.

सुतळी आणि चिमटे

नव्या कराराच्या २७ पुस्तकांची नावं जाड पुठ्ठ्यावर लिहिली, हॉलच्या दोन खांबांना सुतळी बांधली आणि कपडे वाळत घालायचे चिमटे आणले. प्रत्येकाच्या हातात एक-दोन पुठ्ठे. मत्तयपासून प्रकटीकरणापर्यंत ओळ लावायची, घड्याळ लावून. प्रत्येकाचा पुठ्ठा त्याच्याच हातात असल्याने हुशार एक पुढे आणि बाकीचे टाळ्या वाजवायला, असं होत नाही. आधी साध्या कागदाच्या चिठ्ठ्या होत्या, पण पंख्याखाली त्या उडायच्या आणि पंखा बंद करायला कुणी तयार नव्हतं.

दुसऱ्या फेरीत बोलायची बंदी. मग खुणा चालतात, आणि थेस्सलनीकाकरांस पहिलं की दुसरं हे बोटांनी सांगताना जी धमाल होते ती बघण्यासारखी. जुना करार ३९ पुस्तकांचा, तो दोन भागांत घेतो. बारा लहान संदेष्ट्यांपाशी सगळ्यांची गाडी अडते. ओबद्या आणि हबक्कूक कुठे टांगायचे यावर अजून एकमत झालेलं नाही.

यरीहोची लगोरी

पोळा उलटल्यावर पाऊस उघडला आणि अंगणात उतरलो. यंदा मी सगळ्यात जास्त घासलेला खेळ हाच. लगोरीत सात चकत्या, आणि बायबलात यरीहो शहराचा तट कोसळायच्या आधी लोकांनी सातव्या दिवशी त्याभोवती सात फेऱ्या मारल्या. इतकी जुळणी समोर असताना ती कुणी केली नसेल असं वाटत नाही, पण माझ्या पाहण्यात नव्हती, म्हणून नियम सविस्तर देतो.

फरशीचे सात तुकडे, खाली मोठा आणि वर लहान होत जाणारे, कडा दगडावर घासून बोथट केलेल्या. चेंडू प्लॅस्टिकचा किंवा कापडी. टेनिसचा चेंडूही जवळून सणकून लागतो, मोठी पोरं हात आवरत नाहीत.

फोडणाऱ्या संघाने आधी रांगेत लगोरीभोवती सात फेऱ्या मारायच्या, तोंडातून चकार शब्द न काढता. यहोशवाच्या सहाव्या अध्यायात लोकांना हाच हुकूम आहे, मी सांगेपर्यंत आवाज काढू नका. समोरच्या संघाने हात न लावता त्यांना हसवायचं. कुणी फिसकन हसलं की ती फेरी रद्द, पुन्हा मारायची. खेळाचा अर्धा जीव इथेच आहे. जे पोरगं धावण्यात मागे पडतं तेच हसवण्यात पहिलं निघतं. आमच्याकडे सदा गप्प बसणारा एक जण समोर येऊन फक्त अर्पणाची पिशवी फिरवल्याचा अभिनय करतो, चेहरा एकदम गंभीर, आणि रांगच्या रांग कोलमडते.

सातवी फेरी पूर्ण झाली की एकच आरोळी ठोकायची आणि चेंडू मारायचा, तीन संधी. लगोरी फुटली की पुढे नेहमीचा खेळ: हे रचणार, ते चेंडू मारणार.

आता बादचा प्रश्न. अंगणाच्या एका बाजूला फक्कीने चौकोन आखला आणि त्यावर लाल दोरी बांधली. ते राहाबचं घर, यरीहो पडलं तेव्हा लाल दोरीच्या खुणेवर वाचलेलं. ज्याला चेंडू लागेल त्याने तिथे जाऊन उभं राहायचं. त्याच्या संघाने लगोरीवर पुढची चकती ठेवली की घरातले सगळे एकदम मोकळे. इथे नेस्मिथचा पाचवा नियम चपखल बसला. गंमत म्हणजे घरात उभे असलेलेच सगळ्यात जास्त ओरडतात, ‘ठेव ना, एक तरी ठेव!’ करून. त्यांचा मोबाइल खिशातच राहतो. सगळा संघच घरात जाऊन बसला तर डाव संपला, जितक्या चकत्या रचल्या तितके गुण.

एक बारीक गोष्ट: वर्तुळ निदान तीन पावलं लांबून मारायला लावा. जवळून फिरताना कुणाचा तरी पाय लागून लगोरी आधीच पडते आणि मग न संपणारी कोर्टबाजी सुरू होते.

गाण्यांच्या भेंड्या

हंगामाच्या सणाला अर्पणाच्या वस्तूंचा लिलाव आटोपल्यावर सगळी मंडळी अंगणातच रेंगाळलेली होती. भेंड्या सुरू केल्या, एकीकडे तरुण संघ, दुसरीकडे मावश्या आणि आज्या. फक्त ख्रिस्ती गीतं आणि भजनं. ‘ळ’ आला तर ‘ल’, ‘ण’ आला तर ‘न’, हे आधीच ठरवून घ्या. निकाल काय लागला हे सांगायला नको. आमच्या आज्यांना ना. वा. टिळकांची (१८६१–१९१९) भजनं शेवटच्या कडव्यापर्यंत पाठ, आणि पोरांची नवी गाणी दोन ओळींनंतर पडद्यावरच्या अक्षरांवाचून पुढे सरकत नाहीत. पुढच्या वेळी संघ मिसळून करणार, दर आजीमागे चार पोरं.

गिदोनाच्या मशालींवरून अंधारात दबकत जायचा एक खेळ रचला होता. तो वापरायला काढलाच नाही, कारण दिवे मालवून खेळ म्हटल्यावर मुलींच्या आयांच्या कपाळावर आठ्या पडल्या आणि त्यांचं रास्त होतं.

नाताळ : शोधमोहीम

कॅरल राउंडच्या (घरोघरी जाऊन नाताळची गाणी म्हणण्याच्या) आधीच्या शनिवारी आवारात शोधाशोध. प्रत्येक चिठ्ठीवर फक्त शास्त्रभाग लिहिलेला. तो काढायचा, वाचायचा आणि आवारातली जागा ओळखायची. मोबाइल आधी टोपलीत, ॲप चालणार नाही, कागदी बायबलच.

लूक १९ : ४ वाचलं की जक्कय उंबराच्या झाडावर चढलेला सापडतो, आणि आमच्या अंगणात उंबर उभाच आहे. योहान २ : ६ मधले सहा दगडी रांजण म्हणजे पाण्याची टाकी. प्रेषितांची कृत्ये २० : ९ मध्ये पौलाचं लांबलेलं भाषण ऐकता ऐकता खिडकीत डुलक्या घेणारा युतुख आहे, तिसऱ्या मजल्यावरून पडलेला. ती चिठ्ठी हॉलच्या त्या खिडकीत ठेवली जिथे आमचे डुलक्या घेणारे बसतात. ते वाचून पाळकसाहेबच सगळ्यात जास्त हसले. १ राजे १७ : ६ मध्ये एलीयाला कावळे भाकरी आणून देतात, त्यावरून स्वयंपाकाच्या शेडकडे पळायचं.

शेवटची चिठ्ठी चकवणारी: मत्तय २ उघडा आणि पूर्वेकडून किती ज्ञानी आले ते सांगा. सगळे ‘तीन’ म्हणून धावत आले आणि परत पाठवले गेले. सोनं, ऊद, गंधरस ही दानं तीन आहेत, माणसं किती ते मत्तयाने सांगितलेलं नाही. नाताळच्या नाटकात आपण दर वर्षी तिघांना फेटे बांधून उभं करतो त्याचा हा परिणाम.

संघ चार केले आणि प्रत्येकाच्या चिठ्ठ्यांचा क्रम वेगळा ठेवला, नाहीतर सगळे पहिल्या संघाच्या मागे धावतात. आणि एका संघाचं संपलं की खेळ संपत नाही. पहिल्याने शेवटच्याला मदत करून त्यालाही आणायचं, सगळे आले की मगच केक.

पुढचं

मे महिन्याच्या शिबिराला मोठं मैदान मिळणार आहे, तिथे आट्यापाट्या घ्यायच्या मनात आहे. नऊ पाट्या आणि मधली सूर धरून दहा, आणि बायबलात मिसरावर (इजिप्तवर) आलेल्या पीडाही दहा. प्रत्येक पाटीला एकेक पीडा नेमून दिली आहे, सूर धरणारा म्हणजे शेवटची. पाटीवाल्याने आपल्या पीडेचा आवाज काढत राहायचा. बेडकांची पाटी कोण घेणार यावर आत्ताच मारामारी आहे. अडलंय ते इथे: पाटी ओलांडताना हात लागला की भिडू बाद, यावरच सगळा खेळ उभा. त्याला पहिल्या पाटीवर परत पाठवलं तर पुढे मागे माणसांची गर्दी होऊन चेंगराचेंगरी होते, हे अंगणात चुन्याने चार पाट्या आखून पाहिलं. राहाबच्या घरासारखं काही ठेवावं तर सुटका कशावर करायची? कुणी एक भिडू शेवटची पाटी ओलांडून पोहोचला की सगळे मोकळे, असं तूर्त लिहून ठेवलं आहे. कुणी खेळवून पाहिलं असेल तर शिबिराच्या आधी कळवा.