डबा सगळ्यात शेवटी: नागपुरात घरासाठी नॅस निवडताना

नॅस, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेला डिस्कांचा डबा, घ्यायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो तो मॉडेलचा. सिनॉलॉजी कंपनीचा की क्यूनॅपचा, दोन डिस्कांचा की चार? मी सुरुवात दुसऱ्या टोकाकडून केली. डेटा किती आहे आणि कशाने वाढतो, घरातली विजेची लाइन कशी आहे, आणि ज्या खोलीत हे यंत्र वर्षभर चालणार तिथे नवतप्यात पारा कुठवर चढतो. डब्याची पाळी सगळ्यात शेवटी आली. तोवर निम्मी मॉडेलं आपोआप गळून पडली होती.

डेटाचा अंदाज फोनच्या सेटिंगवरून बरा लागतो. आयफोनवर फोर-के, ३० फ्रेमचं चित्रण मिनिटाला साधारण १७० एमबी खातं, म्हणजे तासाला १० जीबी. ६० फ्रेमवर तेच मिनिटाला ४०० एमबी होतं. जुन्या मिनी-डीव्ही कॅसेटी जशाच्या तशा उतरवल्या तर तासाला १३ जीबी. लग्नातल्या व्हिडिओवाल्याकडून कच्चं फूटेज मागून घेतलं असेल तर १०० मेगाबिटवाल्या कॅमेऱ्याचं ते तासाला ४५ जीबी निघतं. फोटो या सगळ्यापुढे किरकोळ. आमची बेरीज दीड टीबीच्या आसपास आली, म्हणून ४ टीबीच्या दोन डिस्का, एकमेकींची हुबेहूब नक्कल ठेवणाऱ्या. पडद्यावर ४ चे ३.६ दिसतात, कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि संगणक १०२४ च्या, त्यात फसवणूक काही नाही. चार डिस्का एकत्र जोडल्या (याला रेड म्हणतात) तर जागा जास्त मिळते, पण घरात उष्णता आणि वीज दोन्ही वाढतात, आणि दीड टीबीसाठी ती हौसच.

खरे पैसे जातात ते डिस्कांत, म्हणून जास्त वेळही तिथेच द्यावा. आधी सीएमआर आणि एसएमआर, या डिस्कवर लिहिण्याच्या दोन पद्धतींतला फरक. एसएमआर डिस्कवर डेटाच्या पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर थोड्या चढवलेल्या असतात, सीएमआरवर सुट्या. मधली एक बदलायची तर तिच्या पुढच्याही पुन्हा लिहाव्या लागतात. रोजच्या वापरात हे कळत नाही, कारण डिस्क आधी एका राखीव भागात लिहून घेते आणि निवांत असताना जागच्या जागी लावते. एक डिस्क गेली आणि नवीवर सगळा डेटा सलग उतरवायची वेळ आली, की तो राखीव भाग भरतो, वेग कोसळतो आणि नॅसला वाटतं डिस्क उत्तरच देत नाही. मग चांगल्या डिस्कलाही तो बाहेर काढू शकतो. वेस्टर्न डिजिटलच्या साध्या रेड मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्का अशा असल्याचं २०२० मध्ये उघड झालं. तेव्हापासून 'रेड प्लस' म्हणजे सीएमआर, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. सीगेटची आयर्नवुल्फ मालिका सीएमआरच आहे; त्याच कंपनीच्या साध्या बॅराकुडाच्या मोठ्या डिस्का मात्र बहुतांशी एसएमआर.

सीताबर्डीत विचारलं की बऱ्याचदा सीसीटीव्हीची डिस्क पुढे केली जाते: 'चोवीस तास चालते साहेब, काहीच फरक नाही.' चालते, हे खरं. पण तिचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) सलग चित्रण लिहिण्यासाठी जुळवलेलं असतं. नॅसची डिस्क मिळत असताना ती घ्यायचं कारण नाही. पैसे देण्याआधी मी डिस्कवरचा सिरीयल नंबर तिथेच फोनवरून कंपनीच्या वॉरंटीच्या पानावर टाकतो. भारतातली वॉरंटी आणि संपण्याची तारीख दिसली तरच बिल, तेही जीएसटीचं. बाहेरून आलेला माल थोडा स्वस्त पडतो. डिस्क मेल्यावर तिला इथे कोणी हात लावत नाही. दोन्ही डिस्का एकाच खोक्यातल्या नकोत. लेबलवर उत्पादनाची तारीख असते, ती वेगळी बघून घ्यावी किंवा सरळ दोन दुकानांतून घ्यावी. एकाच खेपेतल्या डिस्का एकाच सुमारास जाऊ शकतात, आणि नकलेचा सगळा फायदा तिथेच संपतो.

डेटा टाकण्याआधी तपासणी. स्मार्ट, म्हणजे डिस्कची स्वतःची तब्येत तपासणारी सोय; तिची विस्तारित चाचणी ४ टीबीला सात ते दहा तास घेते. तिच्यानंतर पूर्ण डिस्क लिहून वाचून पाहणारी चाचणी चालवली तर आणखी दोन-तीन दिवस जातात, पण बदलून मिळण्याची मुदत असतानाच दोष निघालेला बरा. निकालात ५, १९७ आणि १९८ या क्रमांकांपुढचे आकडे (खराब किंवा संशयित जागांचे) शून्यच हवेत. १९९ पुढचा वाढत असेल तर दोष बहुधा डिस्कचा नसून केबलचा किंवा खाचेत नीट न बसण्याचा असतो.

आता ऊन. घरगुती नॅसच्या माहितीपत्रकात भोवतालच्या हवेची मर्यादा बहुधा ४० अंश दिलेली असते. मे महिन्यात वरच्या मजल्यावर स्लॅबखालची बंद खोली दुपारी तिथवर सहज पोचते. डिस्क खोलीपेक्षा दहा-पंधरा अंशांनी गरम चालते, म्हणजे ५० ते ५५. डिस्कची स्वतःची मर्यादा ६० ते ६५ असते, तेव्हा ती लगेच मरत नाही; पण रोज दुपारी त्या काठावर बसवू नये. म्हणून मिनिटाला ७२०० ऐवजी ५४०० फेऱ्यांची डिस्क. वेगात फरक पडतो, पण गिगाबिट नेटवर्कवर तो दिसत नाही. पंख्याची सेटिंग एप्रिल ते जून 'शांत'वरून 'थंड'वर, आणि डिस्क ५० च्या वर गेली की फोनवर सूचना.

जागेच्या बाबतीत दोन ठिकाणं सरळ बाद: माळा, आणि टीव्हीखालचं दाराचं कपाट. पश्चिमेची भिंतही नको, ती रात्री दहापर्यंत तापलेली असते. मी आतल्या भिंतीलगतचा खालचा उघडा कप्पा निवडला, मागे दहा सेंटिमीटर जागा सोडून. कूलरची खोली थंड असते म्हणून नॅस कूलरच्या झोतात ठेवावा हा विचार सगळ्यांनाच सुचतो. ठेवू नये. झोताबरोबर पाण्याचे बारीक थेंब येतात, पाणी बोअरचं असेल तर त्यातले क्षार येतात, आणि उघड्या खिडकीतून धूळ येते. तिन्ही मिळून पंख्याच्या पात्यांवर पांढरट थर बसतो. त्याच खोलीत पण झोतापासून बाजूला, हे चालतं. महिन्याची डेटा-पडताळणी आणि स्मार्टची लांब चाचणी रात्री दोननंतर लावायची. दिवसा लागली तर ऐन उन्हात डिस्का तासन् तास पळत राहतात.

लाइनचा प्रश्न उन्हाळ्याच्या शेवटी सुरू होतो, वादळी वारे आले की. घरात इन्व्हर्टर आहेच, मग यूपीएस कशाला? कारण बॅटरी संपत आली हे इन्व्हर्टर नॅसला सांगत नाही. लिहिणं अर्धवट असताना वीज गेली तर फाइल सिस्टीम बिघडू शकते. यूपीएस ते सांगू शकतो, पण त्याला यूएसबी डेटा पोर्ट हवा. स्वस्त ६०० व्हीएच्या यूपीएसला तो पुष्कळदा नसतो, खोका उघडून मागची बाजू बघावी. दोन डिस्कांचा नॅस १५ ते २० वॉट घेतो, राउटर आणि फायबरचा डबा मिळून आणखी दहा-पंधरा, त्यामुळे ताकदीचा प्रश्न येत नाही. पाच मिनिटं बॅटरीवर गेली की स्वतःहून बंद, आणि लाइन आली की आपोआप चालू, अशा दोन सेटिंग. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर काही यूपीएस त्याची वीज स्वीकारत नाहीत आणि सारखे बॅटरीवर जात राहतात. साइन वेव्हचा असेल तर त्याचा स्विच यूपीएस मोडवर ठेवावा. उन्हाळ्याने बॅटरीचं आयुष्य कमी होतं, दोन वर्षांनी ती बदलायची तयारी हवी. आणि अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्यावं: न्यूट्रल आणि अर्थ यांत दोनेक व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर आधी तेच दुरुस्त. गच्चीवरून तांब्याची लॅन केबल आत येत असेल तर विजेचा झटका तिच्यावाटेही येतो. फायबर काचेचं असल्याने ती भीती नाही.

नेटवर्क थोडक्यात. मोठी फाइल कॉपी करताना सेकंदाला ११ एमबीवर वेग अडकला तर कुठेतरी १०० मेगाबिटची कडी आहे: इंटरनेट कंपनीच्या राउटरचं पोर्ट, आठऐवजी चारच तारा जोडलेला प्लग, नाहीतर तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त केबल. गिगाबिटवर ११० एमबी मिळतात. एक टीबी हलवायला एका बाबतीत पूर्ण दिवस लागतो, दुसऱ्यात अडीच तास.

मग डबा. इथे खरा प्रश्न एकच: व्हिडिओ नॅसने रूपांतरित करून द्यायचा आहे, की टीव्ही मूळ फाइल तशीच वाचतो? बहुतेक नवे टीव्ही एचईव्हीसी प्रकारचा फोर-के व्हिडिओ थेट वाचतात. अडतं ते डीटीएस प्रकारच्या आवाजावर, जो बऱ्याच टीव्हींना चालत नाही, आणि ब्लू-रेच्या चित्ररूप सबटायटलवर. आवाज बदलणं हलकं काम आहे. चित्ररूप सबटायटल चित्रात मिसळायचं तर पूर्ण व्हिडिओ नव्याने बनवावा लागतो आणि एआरएम चिपचा स्वस्त नॅस तिथे गुडघे टेकतो. मराठी सबटायटलच्या जागी चौकोन दिसत असतील तर फाइल आधी यूटीएफ-८ या अक्षर-संकेतात जतन करून पाहावी. त्यासाठी महाग नॅस लागत नाही.

फक्त फोटो आणि बॅकअप हवं असतं तर मी एआरएमवरच थांबलो असतो. जेलीफिन, म्हणजे घरचे व्हिडिओ टीव्हीला पुरवणारं ॲप, चालवायचं होतं म्हणून इंटेल जे४१२५ चिपचा, दोन डिस्कांचा सिनॉलॉजी डीएस२२४ प्लस घेतला. २ जीबी मेमरी येते, ६ पर्यंत वाढते. त्याला एव्ही१ या नव्या प्रकारचा व्हिडिओ हार्डवेअरवर उलगडता येत नाही, हे धरून चालावं. सिनॉलॉजीने २०२४ मध्ये डीएसएम (त्यांच्या नॅसची प्रणाली) ७.२.२ पासून स्वतःचं व्हिडिओ स्टेशन हे ॲप काढून टाकलं, आणि २०२५ च्या प्लस मॉडेलांवर इतर कंपन्यांच्या डिस्कांना आडकाठी घातली. ती त्याच वर्षी डीएसएम ७.३ मध्ये बरीच सैल केली. डिस्क विकत घेण्याआधी आपल्या मॉडेलची सुसंगत डिस्कांची यादी उघडून पाहावी, ती अशासाठी. जुन्या पीसीचा नॅस करता येतोच, पण तो ४० वॉट जादा घेत असेल तर महिन्याला २९ युनिट वाढतात, आणि तेवढी उष्णता त्याच खोलीत.

दोन डिस्का म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेलं फोल्डर दोन्हींवरून एकाच क्षणी जातं. त्यासाठी स्नॅपशॉट, म्हणजे त्या त्या दिवशी फाइली जशा होत्या तशी गोठवलेली स्थिती; रोजचे चौदा ठेवले आहेत. चोरी, आग, वीज यांसाठी ४ टीबीची एक यूएसबी डिस्क, एन्क्रिप्ट केलेली, शहराच्या दुसऱ्या टोकाला नातेवाइकांकडे. अशा दोन, आलटून पालटून. बाहेरून फोटो बघण्यासाठी राउटरवर पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून थेट आत येणारी वाट, उघडू नये. २०२२ मध्ये डेडबोल्ट या खंडणीखोर व्हायरसने इंटरनेटवर उघडे ठेवलेले क्यूनॅपच गाठून कुलूपबंद केले होते. शिवाय अनेक इंटरनेट कंपन्या एकच आयपी पत्ता पुष्कळ ग्राहकांत वाटतात, त्यामुळे पोर्ट उघडूनही काम होत नाही. टेलस्केल हे खासगी जोडणी करून देणारं ॲप दोन्ही अडचणी टाळतं. डिस्क बदलायच्या दिवशी परत आलेल्या डिस्कवरचं कुठलंही एक फोल्डर लॅपटॉपवर उतरवून फाइली उघडून पाहायच्या, मग तिच्यावर नवा बॅकअप चालवायचा आणि चिकटपट्टीवर तारीख घालायची.